बरणीतलं वावर

माती म्हटलं की मार्क जायचे. मृदा म्हणायचं. सोलापुरातल्या एका शाळेत मी पंचवीसेक वर्षं भूगोल शिकवला. तेवढ्या वर्षांत किती पोरांना ‘माती’ खोडून ‘मृदा’ लिहायला लावलं असेल, त्याची गणती नाही. फळ्यावर एक उभा आयत काढायचा, त्यात चार पट्टे, बाजूला बाण. सगळ्यात वर काळी मृदा. पण काळा खडू काळ्या फळ्यावर दिसेल कसा? म्हणून सोलापूर जिल्ह्याची काळीभोर माती मी उभा जन्म तांबड्या खडूनं काढली. पोरंही वहीत तांबडीच काढायची आणि शेजारी सुवाच्य अक्षरात लिहायची, काळी मृदा. एकानंही कधी विचारलं नाही की बाई, हे काय चाललंय. विचारलं असतं तर मीच गप्प बसवलं असतं, हेही खरं.

याच भूगोलाच्या जोरावर मी माझ्या धाकट्या भावाचं पिकतं वावर नासवलं. तेच सांगायला बसले आहे. आता रिटायर झाले आहे, त्यामुळे मार्क कोण कापणार?

आमचं गाव केमच्या स्टेशनात उतरून पुढं वडापच्या जीपनं अर्ध्या तासावर. जमीन सगळी मुरमाड, कुदळ मारली की ठिणगी उडेल अशी. चांगलं म्हणावं असं एकच वावर, विहिरीमागचं. तेही उतारावरचं, पण वडिलांनी त्याला दोन ताली घातलेल्या. ताल म्हणजे उताराला आडवा घातलेला मातीचा जाड बांध. त्यावर मारवेल गवत, आणि जादा पाणी जायला एका अंगाला दगडी सांडवा. दुष्काळी कामावर वडिलांनी दिवसभर लोकांच्या रानात ताली घातल्या आणि संध्याकाळी घरी येऊन तेच काम आपल्या वावरात केलं. त्यामुळं वावर पायऱ्या-पायऱ्यांचं झालं होतं. वरच्या पायरीत काळी माती गुडघाभर, खालच्या पायरीत छातीइतकी. पावसाळाभर ते वावर मोकळं ठेवायचं, पाणी पिऊ द्यायचं, आणि थंडीच्या तोंडाला ज्वारी पेरायची. मग वरून थेंब पडो न पडो. जमिनीच्या पोटातल्या ओलीवर ज्वारी माणूस दिसेनासा होईल एवढी वाढायची. वर्षाची भाकरी आणि जनावरांचा कडबा, दोन्ही त्याच वावरातून यायचं. भावाचं घर म्हणजे ते वावर, बाकीची जमीन फक्त सातबाऱ्यावर.

त्या वावराची एक बरणी माझ्या वर्गात होती. शैक्षणिक साहित्य दाखवा म्हणून एकदा तपासणीवाल्यांनी टुमणं लावलं. मी भावाला फोन केला की थरांची माती पाठव. त्यानं वरच्या पायरीत छाताडभर खड्डा घेतला, एकेक थर वेगळा काढला, चार डब्यांत भरला, डब्यांवर खडूनं आकडे टाकले आणि स्वतः रेल्वेनं घेऊन आला. एका थरातली दुसऱ्यात सांडू नये म्हणून डब्यांच्या तोंडाला फडकी बांधलेली. मी लोणच्याची मोठी काचेची बरणी घेतली आणि भरली. तळाला दगडगोटे, त्यावर पिवळा मुरूम, त्यावर चुनखडीचे पांढरे खडे असलेली भुरकट माती, आणि सगळ्यात वर ती काळी. तपासणीला आलेल्या साहेबांनी बरणी हातात घेऊन फिरवली आणि म्हणाले, “व्वा बाई! रंग कुठला वापरलात?”

“माती आहे साहेब, खरी.”

“ते झालं. पण रंग?”

आता या माणसाला काय सांगणार, कप्पाळ? शेरा मात्र उत्कृष्ट मिळाला. मीही कॉलर ताठ करून फिरले. खड्डा कुणी घेतला होता, हे त्या शेऱ्यात कुठंच नव्हतं, आणि मीही सांगायला गेले नाही.

पुढं काही वर्षांनी आम्हा शिक्षकांना मृदासंधारणाचं प्रशिक्षण लागलं. थंडगार हॉल, समोसा, आणि पडद्यावर चित्रं दाखवणारा एक टायवाला. त्याच्या बुटाला आयुष्यात चिखल लागला नसावा. पडद्यावर एक ओळ आली, ‘उतार कमी, धूप कमी.’ त्याखाली सपाट केलेल्या शेताचा फोटो. मी वहीत ती ओळ चौकट करून लिहून घेतली. ओळ खोटी नव्हती हो. उतार कमी झाला की पाण्याचा जोर कमी होतो, माती कमी वाहते. पण त्या ओळीच्या मागं चार गोष्टी असतात, आणि त्या सांगायच्या वेळी समोसे आले.

मे महिन्याच्या सुट्टीत मी गावाला गेले. तोवर आजूबाजूच्यांनी डोझर लावून रानं सपाट करायचा सपाटाच लावला होता. ज्याच्या त्याच्या तोंडी, रान कसं कॅरम बोर्डासारखं झालं पाहिजे. ताली मोडा, एकसलग करा, ट्रॅक्टर एका दमात ह्या टोकाचा त्या टोकाला गेला पाहिजे. बापजाद्यांनी ताली काय कंबर मोकळी करायला घातल्या होत्या का? पण हा प्रश्न आज पडतोय. तेव्हा मी त्या सगळ्यांच्या दोन पावलं पुढं होते, कारण मी शिकलेली.

ओसरीवर भावाला बसवलं आणि वर्ग सुरू केला. उतार, पाण्याचा वेग, मातीची झीज. पाटीवर आकृतीसुद्धा काढली. भाऊ मध्येच म्हणाला, “व्हय, पर आक्का, वरची जी माती...” मी हात वर केला, वर्गात करते तसा. “माझं पूर्ण होऊ दे आधी.” त्यानं नजर पाटीकडं वळवली. भावजय चहा घेऊन आली, तिलाही बसवलं. शेवटी मी विचारलं, “कळलं का?” दोघांनी माना हलवल्या. वर्गात पोरं हलवतात तशाच. त्या मानेचा अर्थ पंचवीस वर्षांत कळला नाही, तर मी बाई कसली?

डोझर आला. चालवणारा सरळ माणूस होता, कानाला फोन लावून काम करायचा एवढंच. त्यानं मला विचारलं, “कसं करायचं?” मला विचारलं, भावाला नाही. कारण बाभळीखाली खुर्ची टाकून, डोक्यावर पदर घेऊन, वही मांडीवर ठेवून मी बसले होते. मी म्हटलं, “वरचं कापा, खाली भरा, एक लेव्हल करा.” तो म्हणाला, “बरं.” दोन दिवसांत त्यानं वरच्या पायरीची काळी माती आधी खाली ढकलली, मग ताली मोडून तिच्यावर पसरल्या, मग वरचा मुरूम आणि चुनखडी खरवडून त्या सगळ्यावर पांघरली. वावर खरोखर कॅरम बोर्डासारखं झालं. मी फोटो काढून शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला, ‘आमच्या शेतातील मृदासंधारण’. धडाधड अंगठे आले. एका विज्ञानवाल्यानं तर हात जोडले.

भावजय बांधावर उभी होती. ती म्हणाली, “वन्सं, पांढरं दिसतंय की वो.”

“उन्हानं वाळलं की तसंच दिसतं,” मी म्हटलं. किती ठणकावून! मला ठाऊक नव्हतं असं नाही. मृदेचे थर हा माझा हातखंडा धडा. सगळ्यात वरच्या थरात जीव असतो, कुजलेला पाला, मुळं, किडेमुंग्या, गांडुळं, आणि तो थर तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, हे मी झोपेत म्हणून दाखवलं असतं. पण धडा पुस्तकात होता आणि वावर डोळ्यांपुढं. या दोघांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे माझ्या दीडशहाण्या डोक्यात आलंच नाही.

आमच्याकडं खरा पाऊस भाद्रपदात पडतो, तो एकदाच आणि मुसळधार. भावाचा फोन आला. “आक्का, वावर वड्यात गेलं.” एवढंच बोलला. मी रविवारी गेले. खालच्या टोकाला भर घातलेली सगळी माती भुसभुशीत, तिला धरून ठेवायला ना ताल, ना गवताचं मूळ, ना सांडवा. पाण्यानं ती फोडून सरळ ओढ्यात नेली होती. मध्यापासून खालपर्यंत एक घळ पडली होती, आत उतरलं तर माझं डोकं वर दिसणार नाही एवढी. आणि मी, भूगोलाची बाई, त्या घळीच्या काठावर उभी राहून पहिल्यांदा काय म्हणाले असेन? मनात म्हटलं, ही घळई धूप. चादर धूप, नाली धूप, घळई धूप, तीन प्रकार, तीन गुण. शरम वाटते सांगायला.

घळीच्या भिंतीत थर स्वच्छ दिसत होते. मुरूम वर, चुनखडी मध्ये, आणि पार खाली कुठंतरी काळ्या मातीची दबलेली रेघ. परीक्षेत कुणी अशी आकृती काढली असती तर मी शून्य दिलं असतं.

तरी भावानं ज्वारी पेरली. उगवली, नाही असं नाही. पण पांढऱ्या रानात ओल धरणार कोण? ढोपराएवढी झाली आणि पिवळी पडली. कणीस पोटरीत, म्हणजे वरच्या पानाच्या वेढ्यात, अडकलं ते बाहेर आलंच नाही. त्या वर्षी घरात पहिल्यांदा बाजारची ज्वारी आली. मी गेले की भावजय ताटात चपाती वाढायची. भाकरी का नाही म्हणून विचारायचं माझं धाडस झालं नाही.

ज्वारी निघाली की मेंढरंवाली येतात. दरवर्षी त्यांचा कळप आमच्या वावरात बसतो. लेंड्या-मुताचं खत जमिनीला मिळतं आणि त्यांना धान्य. भावानं बोलावलं तशी कळपाची म्हातारी मालकीण आधी एकटीच रान बघायला आली. मी सुट्टीला होते. ती घळीपर्यंत चालत गेली, वाकून चिमूटभर माती घेतली, त्यावर थुंकली आणि तळहातावर वळायला लागली. वळेना. नुसता भुगा.

“गोळी हुईना की रं,” ती भावाला म्हणाली. “काळी कुटं गेली?”

आता खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. पण जित्याची खोड. मी तिला समजवायला लागले की आजी, जमिनीत असे असे थर असतात, वरच्या थरात सेंद्रिय पदार्थ असतात. ती शांतपणे ऐकत राहिली. मध्ये मध्ये “व्हय का” म्हणाली. माझं संपल्यावर भावाकडं वळली.

“खालचं वर आन वरचं खाली केलंया कुणीतरी. हितं मेंढरं बसवून काय उपेग न्हाय बाबा. पयल्या पान्याला समदं व्हावून जाईल. आदी ताली घाल, मग बलीव. मी जित्ती आसले तर यीन.”

कुणीतरी! भाऊ म्हणाला, “डोझरवाल्यानं वाटूळं केलं.” मी पायानं एक खडा उकरत उभी होते. मी म्हणाले, “हो ना, या लोकांना काही कळतच नाही.”

म्हणाले. अशी म्हणाले. आणि मग तीच गोष्ट घरात रुळली. पाव्हण्यांना, शेजाऱ्यांना, दुकानात, पारावर सगळीकडं हेच, डोझरवाल्यानं वाटोळं केलं. तो बिचारा पुढच्या गावात कुणाची तरी रानं कॅरम बोर्ड करत असेल. मला एवढंच वाटत होतं की चूक माझी होती हे भावाला कळू नये. तो साधा, त्याला काय थर-बिर ठाऊक, डोझरवाल्यावर खापर आहे ते बरं आहे, असा विचार मी करायचे. कसली नीच बाई म्हणायची ही!

भावानं मात्र त्या दिवसापासून कुदळ घेतली. त्यानं दोन्ही ताली पुन्हा घातल्या, हातानं. नवरा-बायको दोघं. सांडव्याचे दगड ओढ्यातून एकेक करून परत आणले. घळीत आडवे दगड रचले, म्हणजे पाणी थबकेल आणि गाळ बसेल. एक उन्हाळा त्यात गेला, दुसरा गेला. तिसऱ्या उन्हाळ्यात गावतळ्याचा गाळ काढायचा कार्यक्रम झाला. काय तो थाट! तळ्याच्या काठाला मांडव, नेत्यांच्या हातात नवं कोरं फावडं, फोटोला तीन घमेली माती, आणि पुढारी गाडीत बसून गेले की ट्रॉल्यांची झुंबड. वरच्या रानांतून वाहून तळ्यात गेलेली आपलीच माती आपणच ट्रॉलीत भरायची आणि ती मिळाली म्हणून टाळ्या वाजवायच्या. बरं, ज्यांच्या ताली मोडलेल्या होत्या, त्यांनीही तो गाळ पसरला. पुढच्या भाद्रपदात तो परत तळ्यात. आता पुन्हा मांडव घालतील, त्यांना काय! भावाच्या ताली झाल्या होत्या, म्हणून त्याचा गाळ टिकला. ज्वारी कंबरेला लागायला लागली. आधीसारखी नाही. आधीसारखी माझ्या हयातीत होणार नाही.

या वर्षी मी रिटायर झाले. शाल, नारळ, आणि मला कधीही न आवडलेल्या लोकांची, मी त्यांना किती आवडते यावर भाषणं. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक म्हणाले, “बाई, कपाटात आता टीव्हीचं सामान ठेवायचंय. ती तुमची बरणी घेऊन जाता का? नाहीतर शिपायाला सांगतो, ओतून टाकेल.”

ओतून टाकेल म्हणे. मी बरणी उचलली आणि तडक स्टेशन गाठलं. सोलापूरपासून केमपर्यंत मांडीवर धरून बसले, थर हलू नयेत म्हणून. कुर्डुवाडीला समोर एक बाई चढली. ती बराच वेळ बरणीकडं बघत होती. “मसाला हाय व्हय?” म्हणाली. मी होकाराची मान हलवली. मला समजावून सांगायचा कंटाळा आला, आयुष्यात पहिल्यांदाच.

घरी ओसरीवर बरणी ठेवली. भावजयीनं आधी काचेला बोट लावून बघितलं. “वन्सं, बरनी लई झाक हाय. लोनच्याला हुईल की. ह्यातली माती वतून दिऊ का?”

मी हो म्हटलं. वर्गच नाही तर बरणी कशाला? आणि आमच्या वावराची माती आमच्या वावरात जाऊ दे, असंही वाटलं. मी झाकण काढलं, अंगणात वाकले, आणि बरणी उलटी करणार, तेवढ्यात भाऊ गोठ्यातून आला.

“थांब की आक्का.”

त्यानं बरणी माझ्या हातातून घेतली. खाली बसला. भावजयीला कागद आणि मोठा चमचा आणायला लावला. मग चमच्यानं, हळूहळू, सगळ्यात वरची काळी माती काढली आणि कागदाच्या एका कोपऱ्यात तिचा वेगळा ढीग केला. चमचा पुसला. मग भुरकट माती, दुसरा ढीग. मग मुरूम. मग दगडगोटे हातानं. घाई नाही, काही नाही. सगळं काढून झाल्यावर तो कागद उचलून वावरात निघाला. मी मागोमाग. वरच्या तालीच्या पोटाला त्यानं खुरप्यानं एक खड्डा केला. आधी दगड टाकले, त्यावर मुरूम, त्यावर भुरकट. शेवटी काळी माती ओंजळीत घेतली, तिच्यातली ढेकळं बोटांनी फोडली, आणि ती वर पसरून तळहातानं दाबली.

“वरची आदी काडायची, बाजूला ठिवायची,” तो म्हणाला. मला सांगत नव्हता. आपण काम करताना पुटपुटतो तसं. “मग खालचं काय सपाट करायचं ती करा. आन झालं की वरची परत वर.”

मी त्याच्या शेजारी मातीत बसले. साडीची पर्वा केली नाही.

“डोझरवाल्याला वरचं कापून खाली भरायला मी सांगितलं होतं,” मी म्हटलं. “तो नाही, मी.”

“मला ठावं हाय की. मी हितंच हुतो.”

“आणि हे? आधी वरची काढायची, हे तुला तेव्हाही ठाऊक होतं?”

“व्हय.”

“मग बोलला का नाहीस रे?”

भावानं खुरपं गवताला पुसलं आणि उठला. रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

“तू बोलत हुतीस की आक्का.”